चोचरी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झोरेवाड्यातल्या बायकांनी वनखात्याची जीप ओढ्यावर अडवली. दगड मारले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. घोटाभर पाण्यात उतरून त्या ओळीने उभ्या राहिल्या. काहींच्या डोक्यावर हंडे होते. चालकाने हॉर्न दिला तेव्हा त्यांतल्या एकीने हंडा उतरवला आणि पुढच्या चाकाला टेकवून ठेवला.

जीपमध्ये पुढे डॉ. सुलभा मणेरीकर बसल्या होत्या, मागे मी. मणेरीकर मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. मी तालुक्याचा वार्ताहर.

"उतरू या," मॅडम म्हणाल्या. "चालत जाऊ."

"चढ मोठा आहे, मॅडम," चालक म्हणाला.

"वाडीतली माणसं रोज चढतात ना?"

ओळीतली सगळ्यात पुढची बाई ठकूबाई झोरे. साठीच्या पुढची, बारकी, काटक. तिने बाजूला होऊन वाट दिली.

"चढा की," ती म्हणाली. "तुमास्नी बी कळू द्या, वर माणसं ऱ्हात्यात ती कशी ऱ्हात्यात."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्या दिवसापर्यंत ती मला भाच्या म्हणत असे.

झोरेवाडा म्हणजे पठाराच्या कडेला असलेली धनगरांची वस्ती. ओढ्यापर्यंत डांबरी रस्ता, पुढे पायवाट. वरपर्यंत गाडी जाईल असा रस्ता व्हावा म्हणून मी पेपरात इतक्यांदा लिहिलं होतं की आमचे संपादक त्याला 'तुझी वाडी' म्हणायचे. अखेर रस्ता मंजूर झाला, खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि मणेरीकर मॅडमनी त्या खुंट्यांच्या ओळीवर एक झाड दाखवून काम थांबवलं. झाड कसलं, वीतभर रोप. रानटी जिरॅनियमची एक जात. अशी जात सह्याद्रीच्या या टोकाला कुणी नोंदवलीच नव्हती. मॅडमचं म्हणणं होतं की ती इथलीच आहे, मुळापासून इथली, आणि तिची वस्ती ह्या एका कपारीच्या आसपास आहे, तेव्हा रस्ता पूर्वेकडून फिरवून न्यावा. पूर्वेकडून म्हणजे नवी मोजणी, नवी मंजुरी. वाडीने ते गणित तेव्हाच करून टाकलं होतं.

रस्ता हवा होता सगळ्यांनाच. पण ठकूबाईला तो अक्षय तृतीयेच्या आत हवा होता. तिचा धाकटा, बिरू, चौतिशीला आला होता. रस्ता नाही म्हणून झोरेवाड्यात कुणी मुलगी देत नव्हतं. खालच्या गावच्या धुळाप्पा कोकरेंनी आपली मुलगी द्यायचं कबूल केलं होतं, एका अटीवर. सुपारी फुटली त्या दिवशी मी हजर होतो. धुळाप्पा म्हणाले होते, "अक्षय तृतीयेला गाडी दारात आली, तर त्याच गाडीनं पोरगी पाठवतो. न्हाई आली, तर राम राम." दोन्हीकडची माणसं हसली होती. धुळाप्पा हसले नव्हते.

त्या सकाळी बिरू आमच्या मागून चढत होता. सगळी वाडीच चढत होती. मॅडम दम खायला थांबल्या की मागचे थांबत. त्यांनी एका घराशी पाणी मागितलं. आतून आवाज आला, "पाणी न्हाई. रस्ता न्हाई, त्यापायी नळ बी न्हाई." दारात भरलेली घागर होती.

वरती पोचलो तेव्हा कपारीच्या भोवतीची जमीन उकरलेली होती. जांभ्या दगडाच्या भेगांतली माती ताजी, ओली. मॅडम खाली वाकल्या. आजूबाजूला सोनकी होती, तेरडा होता, गवत होतं. फक्त जिरॅनियम नव्हतं.

"कुणी काढलं?"

वाडीचे पंच बमूतात्या, ठकूबाईचे थोरले दीर, पुढे झाले. "काय काढलं, मॅडम?"

"इथलं रोप. जांभळट गुलाबी फुलाचं. फुलाच्या मधोमध काळा डोळा असतो."

"तन आसंल. बायका तन काढत्यात."

"नाव काय त्याचं?"

"तनाला कोण नाव ठेवतंय?"

"बाकीचं तण तसंच आहे. शंभर झाडांतून नेमकं हेच ओळखून काढलंत, आणि नाव माहीत नाही?"

"पेपरात फोटू आलाय की," बमूतात्या म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनीच घातलाय. रंगीत."

बायका हसल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. फोटो खरंच छान आला होता.

नावाचा प्रश्न त्या उगाच विचारत नव्हत्या. रस्त्याच्या बाजूने बांधकाम खात्याने प्रा. तेरदाळे यांचा अहवाल घेतला होता. पठाराच्या दुसऱ्या टोकाला इंग्रजांच्या वेळचा एक पडका बंगला आहे. तेरदाळेंच्या मते हे जिरॅनियम त्या बंगल्यातल्या कुंड्यांतून बाहेर पडलेलं होतं. पाहुणं, इथलं नव्हेच. पुरावा म्हणून त्यांनी लिहिलं होतं की स्थानिक लोकांकडे या वनस्पतीला नाव नाही, उपयोग नाही, म्हण नाही. धनगर माणूस पायाखालच्या प्रत्येक पाल्याला नाव देतो. याला नाही, त्याअर्थी ते त्याच्या आजोबांनी पाहिलेलं नाही. हे वाक्य वाडीत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. ते मीच वाचून दाखवलं होतं.

मॅडम कपारीच्या कडेकडेने गुडघ्यावर सरकत होत्या. मग त्या थांबल्या. दगडाच्या पोटाखाली, जिथे हात सहज पोचत नाही, तिथून पाणी पाझरत होतं, आणि तिथे एक रोप राहिलं होतं. फुलं गेली होती. फळं धरली होती. लांब चोचीसारखी, तपकिरी, सुकत आलेली.

"या," त्या मला म्हणाल्या. "लिहून घ्या. कुंडीतलं जिरॅनियम तुम्ही पाहिलंय. त्याच्या बीला पिसासारखी शेपटी असते, ते वाऱ्यावर जातं. याला शेपटी नाही. ही चोच वाळली की पाच पट्ट्या खालून सुटतात आणि झटकन वर वळतात. बी गोफणीतल्या दगडासारखं फेकलं जातं. दोन्ही एका घराण्यातली, पण एक नव्हेत. तेरदाळे सरांनी फळ पाहिलंच नाही. ते आले होते मे महिन्यात. मे महिन्यात इथे दगड बघायला मिळतात."

मी वही उघडली. त्यांनी पिशवीतून चिमटा काढला. फळ उडण्याआधी कागदाच्या पाकिटात घ्यायचं होतं.

तेवढ्यात बिरू गर्दीतून पुढे आला.

"ते न्यायचं न्हाई," तो म्हणाला.

"बाजूला व्हा."

"आमच्या रानातलं हाय. न्यायचं न्हाई म्हणलं न्हवं?"

"तुमच्या रानातलं?" मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "मघाशी तर ते कुणाचंच नव्हतं. तुमचंच आहे एवढं लिहून द्या, मी आत्ता खाली उतरते."

बिरूचे कान लाल झाले. तो दोन पावलांत कपारीशी पोचला आणि वाकून त्याने हात पुढे केला. मॅडम गुडघ्यावर, रोप त्यांच्या खांद्याला लागून, बिरूचा हात दोघांच्या मध्ये. वनखात्याच्या कामात आलेल्या बाईला हात लावला तर काय होतं हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मागून ठकूबाई ओरडली, "बिऱ्या, हात लावू नगं. चोचरी हाय ती. तोंडावर उडंल."

बिरूचा हात थांबला. पण बाही रोपाला लागली. टचकन आवाज झाला, मग आणखी एक. बिरूने गाल पुसला. त्याच्या मिशीत एक काळपट दाणा अडकला होता.

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या गुडघ्याला चिखल होता.

"काय म्हणालात, आजी?"

ठकूबाईने तोंडावर पदर घेतला.

"चोचरी म्हणालात. चोच आहे म्हणून चोचरी. नाव आहे याला."

"म्या काय बोलले न्हाई."

"सगळ्यांनी ऐकलं."

"कुणी ऐकलं?" बमूतात्यांनी मागे वळून विचारलं. कुणीच ऐकलं नव्हतं. मग ते शांतपणे म्हणाले, "आणि म्हणली आसंल, तर तुमास्नी म्हणली. चोचरी म्हंजे बोबडी."

"मी बोबडी बोलते?"

त्यावर एक बाई फिस्सकन हसली आणि ते हसू सगळ्या ओळीत पसरलं. मॅडम हसू थांबेपर्यंत थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंत."

आता वाडी माझ्याकडे पाहत होती. मी वहीतलं वाक्य पुरं केलं आणि वही मिटली.

"ऐकलं," मी म्हणालो.

मॅडमनी उरलेली फळं पाकिटात घेतली. उतरताना कुणी वाट अडवली नाही. कुणी सोबतही आलं नाही. ओढ्यावर जीपच्या चाकाला टेकवलेला हंडा अजून तिथेच होता. चालकाने तो उचलून काठावर ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मी ठकूबाईचं ते वाक्य जसंच्या तसं छापलं, कोण कुणाला म्हणालं ते न लिहिता. संपादकांनी विचारलं, "म्हणजे नक्की कुणाला?" मी म्हणालो, "तेच ठरायचंय."

सुनावणी दिवाळीनंतर प्रांतसाहेबांसमोर झाली. खोली छोटी होती. एका बाजूला बांधकाम खातं आणि तेरदाळे सर, दुसऱ्या बाजूला मणेरीकर मॅडम. भिंतीला लागून वाडी. दारात, ना आत ना बाहेर, धुळाप्पा कोकरे छत्री घेऊन उभे होते.

तेरदाळे सरांनी सुरुवात गोड केली. "मॅडम माझ्याच विद्यार्थिनी. हुशार. फक्त घाई फार. विद्यार्थिदशेतही एका डबक्यात त्यांना तीन नव्या जाती सापडायच्या."

"दोन," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही नंतर छापून आल्या. त्यावर पहिलं नाव तुमचं आहे, सर."

प्रांतसाहेबांनी पेनाने टेबल वाजवलं.

मॅडमनी पाकिटातली फळं टेबलावर ठेवली आणि कुंडीतलं जिरॅनियम आणि हे यांतला फरक सांगितला: फूल सगळ्या बाजूंनी सारखं, देठात नळी नाही, बी फेकलं जातं. तेरदाळेंनी चष्मा लावून फळ पाहिलं. माणूस अभ्यासू होता. त्यांनी लगेच मान्य केलं.

"ठीक आहे. कुंडीतलं नाही. मग बंगल्यातल्या साहेबाने हौसेने डोंगराळ मुलखातून आणलेलं दुसरं जिरॅनियम. बंगला बांधायच्या आधी ते इथे होतं, असं दाखवा."

"नाव आहे त्याला," मॅडम म्हणाल्या. "लोकांच्या तोंडी. बंगल्यातल्या साहेबाने काही धनगरांना नाव शिकवलं नसणार."

तेव्हा प्रांतसाहेबांनी ठकूबाईला पुढे बोलावलं. ती पदर खोचून उभी राहिली.

"आजी, चोचरी म्हणजे काय?"

"बोबडी, साहेब."

"या मॅडम बोबडं बोलतात?"

"आमास्नी त्यांचं बोलणं कळत न्हाई. मग बोबडंच की."

खोलीत हशा पिकला. प्रांतसाहेबही हसले. तेरदाळे मान खाली घालून हसले. मॅडम हसल्या नाहीत. पण फळाकडे पाहत त्याच नजरेने त्यांनी ठकूबाईकडे पाहिलं.

"आणि 'तोंडावर उडंल' म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"तुमी उडलाच की. अंगावर आला न्हाई का माज्या?"

"झाडाचं बी बिरूच्या तोंडावर उडालं. तुम्ही बोललात त्यानंतर उडालं. तुम्हाला आधी कसं कळलं?"

ठकूबाईने पहिल्यांदाच बिरूकडे पाहिलं. बिरू नवा सदरा घालून आला होता.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "मी माज्या पोराला आवरत हुते."

प्रांतसाहेबांनी कागद खाली ठेवले. "वाडीबाहेरचं तिथे कोण होतं?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "आणि हे वार्ताहर."

मला उठावं लागलं. साहेबांनी सरळ विचारलं. "बाई बोलल्या तेव्हा त्या कुणाकडे बघत होत्या? झाडाकडे, की मॅडमकडे? तुम्ही गेली कित्येक वर्षं या वाडीबद्दल लिहिताय, तेव्हा वाडीचे शत्रू नाही. जे पाहिलं ते सांगा."

ठकूबाई माझ्याकडे पाहत होती. दारातले धुळाप्पाही. बमूतात्या खिडकीबाहेर बघत होते. झाडाकडे म्हटलं तर रस्ता गेला. मॅडमकडे म्हटलं तर रस्ता आला, आणि कपारीतलं ते शेवटचं रोप पहिल्याच दिवशी खडीखाली.

"त्या बिरूच्या हाताकडे बघत होत्या," मी म्हणालो.

"आणि हात?"

"दोघींच्या मध्ये होता."

"दोघींच्या?"

"मॅडमच्या आणि चोचरीच्या."

शब्द तोंडातून गेल्यावर मला तो ऐकू आला. तेरदाळे सरांनी डोळे मिटले. मॅडमनी हळूच पाकीट बंद केलं.

"म्हणजे तुम्ही त्या झाडाला चोचरी म्हणता," प्रांतसाहेब म्हणाले.

"मी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, साहेब. त्याआधी म्हणत नव्हतो."

"आता म्हणता."

साहेबांनी लेखनिकाला काही सांगितलं. निकाल त्याच दिवशी आला: या टप्प्यावर रस्त्याचं काम थांबवावं, वनस्पती स्थानिक आहे की नाही याबाबत वरच्या समितीचं मत मागवावं. कुणी जिंकलं नाही. पण थांबलेलं काम थांबलेलंच राहिलं.

बाहेर व्हरांड्यात धुळाप्पांनी मला गाठलं. आवाजात राग नव्हता.

"म्हंजे अक्षय तृतीयेला गाडी येत न्हाई?"

"नाही येणार."

"पुढच्या?"

"सांगता येत नाही."

त्यांनी छत्रीची घडी घातली, राम राम केला आणि ते एस. टी. स्टँडकडे चालू लागले. बिरू त्यांच्या मागे दहा-बारा पावलं गेला आणि थांबला.

ठकूबाई पायरीवर बसली होती. मी जवळ गेलो तशी ती उठली.

"एक डाव खोटं बोलला आस्तास तर तुजी जीभ झडली आस्ती व्हय?"

"मावशी, मी खोटं बोललो नाही, पण तुमच्याविरुद्धही बोललो नाही."

"तेच की. माज्या बाजूनं बोलायचं हुतं, ते बी बोलला न्हाईस. दोन्ही दगडांवर पाय ठिवलास. पेपरवाल्याला बरं सादतंय." तिने बिरूला हाक मारली. "चल रं. ह्येच्या संगं नगं उभा राहू."

मॅडमही खूश नव्हत्या. जीपमध्ये बसताना त्या म्हणाल्या, "तिने कुणाला म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे."

"मला तिचे डोळे दिसले. मन दिसलं नाही."

"हे छापायला छान आहे. समितीला काय उपयोग?"

त्यानंतर झोरेवाड्यात मला कुणी बोलावलं नाही. वाडीच्या बातम्या मी ओढ्याच्या अलीकडच्या टपरीवर बसून घेतल्या. धुळाप्पांनी वैशाखात मुलीचं लग्न कागलकडे लावून दिलं. बिरू इचलकरंजीला यंत्रमागावर गेला, तिथेच एका विधवेशी लग्न केलं, आणि वाडीवर आला तो फक्त वडिलांच्या वर्षश्राद्धाला. समितीने मत दिलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या. त्या आधी त्यांनी ती जात छापली. 'स्थानिक नाव' या सदरात त्यांनी काही लिहिलेलं नाही. मी फोन करून कारण विचारलं. "जे सिद्ध झालं नाही ते मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एकदाच, तालुक्याच्या बाजारात, ठकूबाई समोर आली. घोंगडी विकायला बसली होती. मी खाली बसून विचारलं, "मावशी, आता तरी सांगा. कुणाला म्हणाला होतात?"

"पेपरात घालणार हैस?"

"नाही."

"मग तुला कशाला पायजे?"

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दोन वर्षांपूर्वी पडक्या बंगल्याखालची जमीन पुण्याच्या एका माणसाने विकत घेतली. तिथे राहायच्या खोल्या बांधणार, असं टपरीवर कळलं. जमीन झोरे मंडळींच्या सामाईकातली; त्यांतल्या निम्म्यांनी आपले वाटे दिले. बिरूने दिला. ठकूबाईने दिला की नाही, याबद्दल वाडीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं शपथेवर सांगतात.

गेल्या सोमवारी ओढ्याच्या पलीकडे जेसीबी चढला. बांधकाम खातं म्हणतं, आमचा नाही. वनखातं म्हणतं, परवानगी दिलेली नाही. जुन्या खुंट्यांची ओळ धरून तो वर गेला आणि बुधवारी कपारीच्या अलीकडे थांबला. चालक खाली उतरून निघून गेला. सध्या ऑक्टोबर आहे. कपारीत काय आहे आणि काय नाही, हे पाहायला अजून कुणी गेलेलं नाही.

आज संध्याकाळी टपरीवर मिळालेली माहिती एवढीच आहे: ठकूबाई सकाळपासून त्या यंत्राच्या पुढे घोंगडी टाकून बसली आहे. भाकरी तिथेच मागवली. कुणाशी बोलत नाही. ती यंत्र अडवायला बसली आहे की राखायला, हे समजू शकलेलं नाही.